आठ खिळींचा पूल

पोनसामीला कुणी विचारलं, तू काय करतोस, की तो छाती काढून सांगायचा, "पूल उघडतो."

ऐकणारा हसायचा. कारण वाइरोरो नदीवर बघण्यासारखा पूल एकच, मोठ्या रस्त्याचा, बस जाते तो. त्याच्या खालच्या अंगाला, गवतात बुडालेला, पाण्यापासून कमरेएवढ्या उंचीवर उसाच्या गाडीचा पूल आहे, तो बसमधून दिसतो न दिसतो. पाहुणे डोंगराचे फोटो काढतात आणि खाली नजर गेलीच तर म्हणतात, "अरेरे, पडायला आलाय." पोनसामीला या "अरेरे"चे सगळे प्रकार तोंडपाठ होते. सिडनीच्या बाईचं लांबलचक "अरेरेरे", सुवाच्या साहेबाचं नाकातलं "अरे रे". जेवताना तो बायकोला ते करून दाखवायचा आणि मुनियम्मा म्हणायची, "पुरे, डाळ थंड होतेय."

पण तो पूल पडायला आलेला नव्हता. त्याची करामत अशी, की तो मुळात घट्ट बसवलेलाच नव्हता. मधला तीस फुटांचा तुकडा म्हणजे दाकुआ झाडाचे दोन जाड ओंडके, त्यांवर आडव्या फळ्या आणि अरुंद रूळ. अलीकडच्या काठाला ओंडके जहाजाच्या साखळीनं बांधलेले. पलीकडे मात्र फक्त आठ लोखंडी खिळी. हंगाम संपला, उसाची शेवटची गाडी गेली, की दोन्हीकडचे रुळांचे सांधे सोडायचे आणि त्या आठ खिळी काढून घ्यायच्या. मग पूर आला की ओंडके तरंगतात, तुकडा दारासारखा फिरतो आणि अलीकडच्या काठाला अंग लावून पडून राहतो. बांबूची बेटं, मेलेली गुरं, उन्मळलेली झाडं, सगळं मधून निघून जातं. मे महिन्यात बैल लावून ओढायचा, खिळी ठोकायच्या, गाडी सुरू. रस्त्याच्या पुलाचे कठडे दोनदा वाहून गेले. या पुलाचा एकही ओंडका आजोबांच्या काळापासून वाहून गेलेला नाही.

कुणी बांधला, कुणालाच ठाऊक नाही. कुठं नाव नाही, साल नाही. पोनसामीचा बाप म्हणायचा, "पाहुणी दांडगी असेल तर दार आधीच उघडं ठेवावं. हे ज्या माणसाला कळलं, त्याच्या घरात दांडगी पाहुणी येत असणार." खिळी काढल्या की पोनसामी त्या अनोळखी माणसाच्या नावानं यंगोनाची, मुळ्या कुटून केलेल्या पेयाची, पहिली वाटी नदीत ओतायचा, दुसरी स्वतः प्यायचा.

तीस वर्षं हे काम त्यानं एकट्यानं केलं. कुणाला हात लावू दिला नाही. रुळांच्या गँगमधला कुणी पुढं आला की, "बाजूला हो, बोट चेपेल." साखरेच्या मिलच्या साहेबानं स्पष्टच सांगितलं होतं, "पोनसामी, हा आहे तोवर आहे. गेला की मिल नवा बांधणार नाही. पलीकडचा ऊस लॉरीनं आणू." पलीकडं तीस शेतं, एक कोरो, म्हणजे मूळ रहिवाशांचं गाव, आणि लॉरीचं भाडं ऊसवाल्यांच्या माथी. पूल गेला असता तर ते सगळे आणि पोनसामीची नोकरी एकाच पाण्यात वाहून गेली असती.

त्या वर्षी पावसानं हंगाम डिसेंबरपर्यंत लांबला आणि पोनसामीचा उजवा पाय काळा पडला. लौतोकाच्या इस्पितळात दोन बोटं कापली. "आयुष्यभर साखर ओढली," तो नर्सला म्हणाला, "शेवटी ती पायात उतरली." शेवटची गाडी शनिवारी पूल ओलांडून गेली, तेव्हा तो खाटेवर झोपलेला होता.

रविवारी सकाळी शेजारच्या खाटेवरचा रेडिओ बातम्यांच्या त्या झोपाळू आवाजात म्हणाला, "पश्चिमेकडच्या नद्यांकाठच्या लोकांनी संध्याकाळपर्यंत उंचावर जावं." आणि पोनसामी ताडकन उठून बसला. खिळी! आठच्या आठ जागेवर होत्या. तो नव्हता म्हणून त्या कुणीच काढल्या नव्हत्या, आणि कधी, कशा काढायच्या हे त्यानं कुणाला शिकवलंच नव्हतं.

त्यानं घरी फोन लावला.

"मी काढू?" मुनियम्मा म्हणाली. "पलीकडं जाऊन, हातोडा घेऊन? माझ्या गुडघ्यांना विचारा आधी. अहो, खिळी त्या काठाला आहेत, तुमच्या दोस्ताच्या, वाटिसोनीच्या गावात. त्याला सांगा."

"आज रविवार आहे."

रविवारी त्या कोरोत लाकूडसुद्धा फोडत नाहीत. पोरानं झाडावर चढून आंबा काढला तरी सरपंच हाक मारतो. एकदा पोनसामीनं विसरून रविवारी खिळीला हातोडा घातला होता, तेव्हा अख्खं गाव काठावर येऊन नुसतं बघत उभं राहिलं होतं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तरी त्यानं फोन लावला. वाटिसोनी त्यांच्या ख्रिस्ती देवळात होता. कोटाच्या खिशात फोन किंचाळला, तलातलांचं, म्हणजे पाद्रीबुवांचं, प्रवचन थांबलं.

"कोण मेलं?" वाटिसोनी कुजबुजला.

"अजून कुणी नाही. पूल मरतोय."

"लंगड्या, मी देवळात आहे! तलातला अजून पहिल्या मुद्द्यावर आहेत, पुढे चार बाकी आहेत."

तेवढ्यात मागून ढग गडगडल्यासारखा आवाज आला. "वाटिसोनी! देवाचा फोन असेल तर इकडं आण. दुसऱ्या कुणाचा असेल तर बाहेर जा."

"पोनसामीचा आहे, तलातला. इस्पितळातून."

"मग आणच."

फोन तलातलांच्या हातात गेला, त्यांनी तो माइकपुढं धरला आणि पोनसामीच्या लक्षात आलं, की आपला आवाज आता भरलेल्या देवळात घुमतोय. त्यानं अडखळत, अर्धं हिंदुस्तानीत, अर्धं त्यांच्या भाषेत सांगितलं. सांधे, साखळी, आठ खिळी, संध्याकाळचं पाणी. "आज रविवार आहे, ठाऊक आहे मला. चूक माझी. हे काम मी कुणाला शिकवलंच नाही. वाटायचं, माझंच आहे."

पलीकडून पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आला. मग तलातला म्हणाले, "रविवारी काम नाही."

पोनसामीनं डोळे मिटले.

"पण शेवटचं गीत आणि शेवटची प्रार्थना कुठं म्हणायची," तलातला म्हणाले, "हे मीच ठरवतो. उठा सगळे. पुलावर."

पुढचं सगळं पोनसामीनं कानांनी पाहिलं. फोन वाटिसोनीच्या खिशात, म्हणून आधी नुसता कोटाचा सरसर आवाज. मग चिखल. मग चार आवाजांत गीत सुरू झालं, बायकांचे उंच, पुरुषांचे पोटातून आलेले, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, ठण्ण! हातोडा बरोबर ठेक्यात. एक खीळ. ठण्ण, दोन. वॉर्डातले लोक खाटेभोवती जमले. लौ बेटांवरची नर्स थर्मामीटर हातात तसाच धरून हळूच त्या गीतात मिसळली.

"मुनियम्मा आली रे," वाटिसोनी ओरडला. "पाना घेऊन आलीय! त्या काठाला चिखलात बसून सांधा सोडतेय. मला म्हणते, तू बघू नकोस, पोलकं फाटलंय."

सात खिळी निघाल्या. आठवी अडकून बसली.

"तिच्या डोक्यावर मारू नको," पोनसामी फोनवर ओरडला. "ओंडक्याला मार, तिच्या बाजूला. ओंडका हलला की तीच सैल होते!"

"तीस वर्षं हे एकट्यानं करतोस? गाढवा, आम्ही काय नदीपलीकडं राहतो का?"

"हो. नदीपलीकडंच राहता."

"बरं, राहतो! पण..." आणि फोन बंद पडला.

तो दिवस आणि त्यानंतरचा दिवस तारा तुटलेल्या होत्या, फोन बंद होते. पोनसामी जेवला नाही. नर्सनं रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं; तो भिंतीकडं तोंड करून होता. मंगळवारी दुपारी मुनियम्मा आली, गुडघ्यापर्यंत चिखल, डब्यात रोटी. दारातूनच तिनं सुरू केलं.

"बसा, उठू नका. पाणी आलं तेव्हा मी काठावरच होते. आधी तुमचा पूल नुसता कुरकुरला, म्हाताऱ्यासारखा. मग पलीकडचं टोक उचललं गेलं, आणि अहो, दार उघडावं तसा आला. सावकाश. आला आणि काठावरच्या माझ्या वांग्यांवर झोपला."

"सगळ्या वांग्यांवर?"

"एक रोप राहिलं नाही."

पोनसामी हसू लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं. मुनियम्मानं रोटी मोडून त्याच्या तोंडात घातली, म्हणजे बोलायला नको.

पंधरा दिवसांनी, काखेत कुबडी आणि कागदात यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन तो रस्त्याच्या पुलावरून कोरोत गेला. भाषण बसमध्येच घोकून ठेवलं होतं. सरपंचाच्या घरात चटईवर सगळे मांडी घालून बसले, तलातला मधे. पोनसामीनं मुळ्या पुढं ठेवल्या, हात जोडले आणि घोकलेलं सगळं उडून गेलं.

"विनाका," त्यांच्या भाषेत आभार मानत तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग आणखी तीनदा.

"याला एकच शब्द येतो," वाटिसोनी म्हणाला. "तोही आम्हीच शिकवला."

घर हसलं. तलातलांनी मुळ्यांना हात लावला, म्हणजे स्वीकारल्या. मग तोच ढगातला आवाज म्हणाला, "पोनसामी, आभार आम्ही मानायचे. आमची पोरं त्यावरून शाळेत जातात. आम्हाला वाटायचं, तो मिलचा आहे. तू वाटू दिलंस."

"माझं चुकलं, तलातला."

"चुकलं खरं. आता सांग. मे महिन्यात तो पुन्हा जागेवर कसा नेतात? बैल किती लागतात?"

पोनसामीनं आजूबाजूला पाहिलं. बायका मासे आणि नारळाचं दूध घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. "बैल नंतर," तो म्हणाला. "आधी साखळी." त्यानं कुबडी बाजूला ठेवली, चटईवर बोटानं नदी काढली, मग एक काठ, मग दुसरा. वाटिसोनीनं पुढं वाकून विचारलं, "यातला आमचा कुठला?" आणि सगळी डोकी चटईवर झुकली.