आधी गूळ, मग गोळी

चतुराबाई करमाडजवळच्या वस्तीवर आल्या की पोरं न सांगताच जिभा बाहेर काढून उभी राहतात. बारा वर्षं त्या इथं आशाताई आहेत, आणि जंताची गोळी त्यांनी कधी कुणाच्या पदरात बांधून दिली नाही. समोर उभं करायचं, चावायला लावायचं, मग जीभ बघायची. लाडीगोडीला ही बाई बधत नाही.

चूक झाली ती एकदाच, एका ऑगस्टात. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर मळमळतं, कळ येते, हे सांगायचं त्या घाईत विसरल्या. पारूबाईची पाच वर्षांची नात सोनिया दुपारी ओकली, आणि ओकारीत वीतभर जंत पडला. घरात एकट्या असलेल्या म्हातारीची पाचावर धारण बसली. चतुराबाई तेव्हा पुढच्या वस्तीवर होत्या.

फेब्रुवारीत पारूबाईनं नातीला अंगणवाडीकडं फिरकूच दिलं नाही. राहिलेल्या पोरांना गोळी द्यायच्या दिवशी चतुराबाई स्वतः तिच्या दारात गेल्या. सोनियाचं पोट टम्म, हातपाय काड्या, ओठ पांढरे. भिंत खरवडून खाल्लेली माती नखांत तशीच होती. आज हुकलं तर पुढची फेरी थेट ऑगस्टात. चतुराबाईंचा जीव तीळतीळ तुटला.

"नाय द्यायची. मागं पोरगी मरता मरता वाचली," पारूबाई म्हणाली.

"मावशी, जंत होता म्हणून तो पडला. पण तसं होईल हे मी तुमाला सांगितलं नाय. चूक माझीच हाय."

पारूबाई दारातून बाजूला सरली. चूक कबूल करणारी सरकारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी. ती म्हणाली, "दिली तर आधी गूळ चारीन. गुळावर जंत गोळा होतेत, मग औषध."

या गुळाला चतुराबाई बारा वर्षं हसत आल्या होत्या. आज हसल्या नाहीत. "चारा. पण गोळी माझ्यासमोर. अन् सांजेपर्यंत मी इथंच बसते."

सोनियानं गूळ खाल्ला, गोळी कराकरा चावली, जीभ दाखवली. चतुराबाईंनी ओट्यावर बैठक मारली. दुपारी कळ आलीच. पारूबाई घाबरून उठली, तर चतुराबाईंनी हात धरून तिला खाली बसवलं. "गोळी कामाला लागली. बसा." घटकाभरात कळ थांबली आणि सोनियानं भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं, लोहाचं औषधही सुरू केलं.

पुढच्या ऑगस्टात चतुराबाई अंगणवाडीत पोचल्या, तर पारूबाई गुळाचा डबा घेऊन आधीच हजर. सोनिया रांगेत सगळ्यात पुढं, गाल चांगले भरलेले. मागं एक नवखी आई पोराला छातीशी धरून उभी होती. पारूबाई तिला सांगत होती, "कळ येईल, एखादवेळी ओकंल बी. लई भिऊ नको. सांजेपर्यंत मी बसते तुझ्याजवळ."