आप्पांच्या जलशासाठी अ‍ॅम्प्लिफायर

घरच्या दोन स्पीकरना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा होता. पाथर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने स्वतः जुळवलेले दोन सेट ऐकून बघायला घरी नेऊ दिले. एक व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हॉल्व्हचाच हवा होता. तरुणपणी ते आमच्या वस्तीच्या, जागृतीची गाणी गाणाऱ्या जलसा मंडळात कोरसला असत आणि तेव्हाचा कर्णा व्हॉल्व्हवर चाले. काचेच्या नळ्या तापून लाल झाल्याशिवाय गाणं सुरू होत नसे. तेवढ्यात बायका भाकऱ्या उरकून येऊन बसत.

मी विरोधात होतो. व्हॉल्व्हचा आवाज उबदार, मखमली, असं जो तो लिहितो. माझं लहानपण पत्रकं वाटण्यात गेलं. मजकुरात विशेषणं वाढली की मला संशय येतो. आवाज स्वच्छ हवा, शब्द कळायला हवेत. जलसा काय झोप लागावी म्हणून ऐकतात?

"तुझं भाषण झालं आसंल तर टेप लाव," आई म्हणाली.

मंडळाच्या गाण्यांची एकच कॅसेट उरली आहे. आधी ती व्हॉल्व्हवर लावली. गोड वाटली, हे मलाही नाकारता येईना. दुसऱ्या कडव्यानंतर ताल ढासळतो. त्या जागी आप्पांनी नेहमीसारखं समोरच्या घराकडे बोट दाखवलं. तिथे मंडळाचे ढोलकीवाले काका राहतात. ताल त्यांनी घालवला, हे आप्पांकडून ऐकतच मी मोठा झालो.

मग तीच जागा ट्रान्झिस्टरवर. ढोलकीचा ठोका न् ठोका सुटा ऐकू आला. ढोलकी चुकलीच नव्हती. एक आवाज कोरसच्या आधी घुसला होता आणि तो आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता.

आईने पदर तोंडाला लावला. "बिचाऱ्याला जलमभर बोल लावला की वो तुमी!"

आप्पा हसले नाहीत. मला वाटलं, आता ते व्हॉल्व्हच ठेवणार; तिथे चूक झाकली जात होती. पण ते दारात गेले, काकांना हाक मारून आणलं आणि टेप मागे घेऊन स्वतः लावली.

काकांनी ऐकलं. "मला ठावं हुतं, गड्या."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू गाताना कुनाचं ऐकत न्हाईस, बोलल्यावर काय ऐकनार?"

आप्पांनी मान हलवली आणि ट्रान्झिस्टरवर हात ठेवला. "ह्योच ठिवू."

व्हॉल्व्हचा सेट गार झाल्यावर मी तो खोक्यात भरायला घेतला. काका अजून बसूनच होते.

"दुसरी बाजू बी लाव," ते मला म्हणाले. "माझ्या चुका कुटं हायेत, ते बी कळू दे ह्याला."