कुशीवर

सिस्टर खुर्चीवरून उठायच्या, पदर खोचायच्या आणि समोरच्या माणसाला काही कळायच्या आत फरशीवर आडव्या व्हायच्या. डोळे मिटून म्हणायच्या, "मी पडले. आता काय करता?"

समोरचा माणूस म्हणजे आमच्या कंपनीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग विकायला आलेला कुणीतरी. हातातला चहा तसाच धरून तो माझ्याकडं बघायचा. मी छताकडं बघायचो.

आमची कंपनी वाळूजला, स्कूटरला लागणारे पत्र्याचे भाग बनवणारी. मी एचआरमध्ये नवीन होतो. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. म्हणूनच सिस्टर मला 'ग्रॅज्युएट' म्हणायच्या. चिडवायच्या, पण चारचौघांत माझी ओळख करून देताना तोच शब्द त्या छाती फुगवून वापरायच्या.

त्या मूळच्या पैठणच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडं प्रथमोपचाराच्या खोलीत बसायला लागल्या. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव आठवायला वेळ लागतो, पण आवाज लगेच कानात येतो.

हे पडणं सुरू झालं ते पेंट शॉपमधल्या, म्हणजे आमच्या रंगखात्यातल्या, प्रकारानंतर. तिथल्या एका कामगाराला फीट आली. कुणी त्याच्या नाकाला बूट लावला, कुणी त्याचे हात दाबून धरले. प्रेसवरचे, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवरचे, जुने ऑपरेटर रशीदभाई पाण्याची बाटली घेऊन धावले आणि त्याच्या तोंडात ओतायला लागले. आपल्या भागात पडलेल्याला पाणी पाजणं कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी श्वासात गेलं आणि तो माणूस काळानिळा पडायला लागला. सिस्टर पळत आल्या, त्याला कुशीवर वळवलं, पाणी तोंडावाटे बाहेर आलं आणि तो वाचला.

रशीदभाई भिंतीला टेकून रडत होते. "मैं तो पानी पिला रहा था, सिस्टर."

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी तहानलेल्याला द्यायचं, भाऊ. पडलेल्याला कूस द्यायची."

मग खोलीत येऊन हात धुताना मला म्हणाल्या, "आज मी व्हते म्हणून निभावलं, ग्रॅज्युएट. मी काय जलमभर इथंच बसणार हाय का? मी नसताना कोण करंल?"

तेवढ्यावरून ट्रेनिंग देणाऱ्याचा शोध सुरू झाला. साहेबांनी काम माझ्यावर सोपवलं आणि सिस्टरांनी ते माझ्याकडून काढून घेतलं.

पहिले गृहस्थ टाय लावून, लॅपटॉप घेऊन आले. सिस्टर पडल्या. गृहस्थ वाकून म्हणाले, "मॅडम, याला रिकव्हरी पोझिशन लागते. ती आपल्या दुसऱ्या सेशनमध्ये आहे."

सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या, "मग मी तवर अशीच थांबू का?"

दुसऱ्यांनी फोनवरच सांगितलं, सगळं मोबाइलवर होईल, व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, सर्टिफिकेट त्याच दिवशी. सिस्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "त्यात पडायला कोण येणार?" एवढंच विचारलं आणि फोन परत दिला.

आणखीही काही जण असेच येऊन गेले. मग एक जण आला. बरीच वर्षं अॅम्ब्युलन्सवर काम केलेला, साधा शर्ट, खांद्याला बॅग. सिस्टर पडल्या. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, आजूबाजूला तार किंवा काच नाही ना ते बघितलं आणि गुडघ्यावर बसला. खांदा थोपटून म्हणाला, "मावशी, ऐकू येतंय का?" छातीकडं बघत श्वास तपासला. मग माझ्याकडं बोट केलं. "निळा शर्ट, तुम्ही. गेटला फोन लावा, गाडी मागवा." आणि एका हातानं खांदा, दुसऱ्या हातानं गुडघा धरून सिस्टरांना अलगद वळवलं. "श्वास चालू आहे. घेतलं कुशीवर."

तो शब्द ऐकला आणि सिस्टर मिटल्या डोळ्यांनीच हसल्या. "ह्यालाच बोलवा."

बाहेर हॉर्न वाजला. मी खरंच गेटला फोन लावला होता. ड्रायव्हर गाडीचं दार उघडून उभा होता. पुढं कित्येक दिवस कॅन्टीनमध्ये मला बघून लोक हॉर्नचा आवाज काढायचे.

शब्द आवडला म्हणून सिस्टरांनी डोळे झाकून होकार दिला, असं समजू नका. साडी झटकून त्या समोर बसल्या आणि तास घेतला. फॅक्टरीच्या तपासणीत तुमच्या सर्टिफिकेटचा कागद चालंल का? प्रेसमध्ये बोट गेलं तर काय शिकवाल? वेल्डिंगचा चटका, करंट, हे येतं का? प्रत्येक जण स्वतःच्या हातानं करून बघंल, का पुढचे चौघं करतील आन बाकीचे टाळ्या वाजवतील? तिन्ही शिफ्टला याल का? विसरल्यावर परत कोण शिकवंल? त्यानं काही प्रश्नांना हो म्हटलं, काहींना "बघून सांगतो" म्हटलं. सिस्टरांना ते 'बघून सांगतो' पण पटलं.

साहेबांची अडचण वेगळी होती. उत्पादनाची लाइन थांबेल. त्यांना हॉटेलचा हॉल हवा होता, ऑफिसची माणसं, जेवण, फोटो.

"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "माणूस हाटेलात पडणार हाय का प्रेसजवळ?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "एकेक लाइन बंद करा. सगळ्या एकदम नको."

प्रेसच्या शेजारी, तेलकट फरशीवर पुठ्ठे अंथरून ट्रेनिंग झालं. त्यानंतर सिस्टरांना चाळाच लागला. स्टोअरमध्ये पडायच्या, पॅकिंगमध्ये पडायच्या. चुकलं की पडल्या पडल्याच ओरडायच्या, "पाणी ठिव खाली." लोक सकाळी एकमेकांना विचारायचे, आज सिस्टर कुठं?

मग एके दिवशी कॅन्टीनच्या नळाजवळ पडल्या. रशीदभाई जेवण टाकून उठले, कुरकुरत. खांदा थोपटला, श्वास बघितला, मला बोट दाखवलं, "तू, गेट." आणि त्यांना कुशीवर घेतलं. कुणीतरी नवा कामगार पेला भरून आला. रशीदभाईंनी वर न बघताच त्याचा हात धरला.

"उठो ना सिस्टर," ते म्हणाले. "पास हो गए हम."

सिस्टर उठल्या नाहीत. त्यांना उलटी झाली. ओठाची एक बाजू खाली ओघळली होती. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

डॉक्टर नंतर म्हणाले, पक्षाघात आहे. उताण्या असत्या तर उलटी श्वासनळीत जाऊन वाटेतच संपलं असतं. रशीदभाई ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले.

सिस्टर परत कामावर आल्या नाहीत. पैठणला बहिणीकडं राहतात. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या पुंडलिकनगरच्या खोलीवरून निघून एसटीनं भेटायला गेलो. डावा हात चालत नाही, बोलणं सावकाश झालंय.

"तांब्यातलं पाणी घे आधी," म्हणाल्या. "उन्हातनं आलास."

मी प्यायलो. मग त्यांनी विचारलं, "त्या दिशी मला... कुणी पाणी पाजलं व्हतं का?"

"एक जण आला होता घेऊन. रशीदभाईंनी हात धरला."

त्या अर्ध्या ओठानं हसल्या. बराच वेळ हसल्या. मी नव्हते तरी झालं की, असं काहीतरी पुटपुटल्या. खरं तर फरशीवर पडलेल्या त्याच होत्या.

निघताना त्यांना वळायचं होतं. मी पुढं झालो, तर चालत्या हातानं मला थांबवलं. खाटेची कड धरली, गुडघा दुमडला, दम खाल्ला आणि हळूहळू स्वतःच वळल्या.

"जा आता, ग्रॅज्युएट," भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. "मी हाय कुशीवर."