चिकाची वाटी

दौंडहून कुरकुंभकडे येताना कालव्याच्या अलीकडे आमची वस्ती लागते. मी कुरकुंभच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि नोकरीची बहुतेक सगळी वर्षं याच वस्तीवर राहिलो. माझ्या कुंपणाला लागून मालनबाईंचं घर आहे. त्यांचे यजमान पोपटराव कंपनीत माझ्या आधीपासून हेल्पर होते. मुलगा महेंद्र रांजणगावला कामाला असतो आणि कारेगावात खोली घेऊन राहतो. मुलगी दीक्षा दौंडला एका दवाखान्यात नर्स आहे.

मालनबाईंच्या घरावर गुढी उभी राहत नाही, पण चैत्र मात्र आमच्या सगळ्या वस्तीत आधी त्यांच्या अंगणात येतो. होळी झाली की त्या जास्वंदीची छाटणी करतात, मोगऱ्याची पानं ओरबाडून काढतात, आळी उकरून शेणखत घालतात. त्या काठ्या झालेल्या मोगऱ्याकडे बघून पहिल्या वर्षी मला वाटलं, गेलं हे झाड. जयंतीच्या सुमारास ते कळ्यांनी भरलं. चौदा एप्रिलला विहारातल्या मूर्तींना जो गजरा असतो तो मालनबाईंच्या अंगणातला. विकतची फुलं आणलेली त्यांना चालत नाहीत.

हे अंगण कसं तयार झालं, ते सांगायला हवं. कालव्याच्या पलीकडे हौसराव आप्पांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, गुलछडी, अ‍ॅस्टर. नवीन लग्न झालेल्या मालनबाई तिथे तोडणीला जायच्या. आप्पांची बायको भागुबाई त्यांच्याच वयाची. दोघी एकाच ओळीत फुलं तोडायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. पुढे मालनबाईंचं मजुरीला जाणं सुटलं, पण भागुबाईंचं येणं सुटलं नाही. मालनबाईंना सख्खी बहीण नाही. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "हाय की. त्या मळ्यात ऱ्हाती."

दर चैत्रात त्या दोघी मिळून कुरडया करायच्या. कुरडई हे एकटीचं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, पिळून गाळायचे. खाली बसलेला पांढरा चीक आधणात ओतताना एकीने ओतायचं आणि दुसरीने दांड्याने घाटायचं. हात थांबला की गुठळ्या. चीक शिजला की गरम असतानाच साच्यात भरून कुरडया पाडायच्या. महेंद्र त्यासाठी सुट्टी काढून यायचा, कारण साचा दाबायला ताकद लागते. दीक्षा खाटांवर साड्या अंथरायची. पोपटराव काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसायचे आणि अर्ध्या कुरडया ओल्याच खायचे.

"कावळं परवडलं," मालनबाई म्हणायच्या.

"कावळ्याला मीठ बराबर हाय का कळतंय व्हय?" पोपटराव विचारायचे.

भागुबाई हसून हसून दांडा सोडायच्या आणि मालनबाई ओरडायच्या, "घाट, भागू, घाट!"

पहिला चीक वाट्यांत जायचा. वर गूळ, मधोमध तुपाची धार. एक वाटी आमच्याकडे, एक समोर झुंबरबाईंकडे, आणि सगळ्यांत मोठी, काठाला पोचा आलेली पितळी वाटी भागुबाईंची. ती वाटी त्या घरी घेऊन जायच्या. कारण त्या दिवशी त्यांचा उपास असायचा. "चंद्र उगवल्याव सगळ्यांसंगट खाईन," असं म्हणून पदराखाली झाकून न्यायच्या. गहू गाळल्यावर उरलेला चोथाही बादलीत भरून त्यांच्याच म्हशीसाठी जायचा.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भागुबाई ती वाटी परत करायच्या तेव्हा तिच्यात ओल्या मातीत खोचलेलं एखादं रोप असायचं. मोगरा असाच आला, जास्वंद अशीच आली, कुंपणाची जाईसुद्धा. मालनबाईंचं सगळं अंगण त्या एका वाटीतून आलेलं आहे.

गेल्या वर्षी भागुबाईंच्या मुलीचं, शितलचं लग्न ठरलं, शिरूरचं स्थळ. शितल लहानपणी शाळेतून आली की आधी मालनबाईंच्या अंगणात दप्तर टाकायची. कुरडयांच्या दिवशी भागुबाई दांडा घाटता घाटता म्हणाल्या, "मालन, रुखवत तुलाच करावं लागंल बग. माझ्या हाताला काय वळण न्हाई."

"न सांगता केलं असतं," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीचं करायचं न्हाई तर कुणाचं?"

त्यांनी त्या चैत्रात दुसरं काही केलं नाही. खाण्याचा रंग घालून गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कुरडया पाडल्या. फुलांच्या आकाराच्या, इतक्या लहान की साचा सोडून त्यांनी कापडाच्या पिशवीला भोक पाडून त्या केल्या. दीक्षा रात्रपाळी करून आली तरी बसायची. पापडांचा मनोरा झाला, शेवयांचं घरटं झालं. माझी बायको मदतीला जायची आणि येऊन सांगायची, "त्यांचा एकच ध्यास आहे. शिरूरच्या बायकांनी बघून विचारलं पाहिजे, हे कोणी केलं."

वैशाखात लग्न झालं. आम्ही सगळे एकाच जीपमधून शिरूरला गेलो. कार्यालयात रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची गर्दी होती, मोबाइल वर करून फोटो चालले होते. नवऱ्याच्या आत्याने विचारलंच, "विहीणबाई, एवढी कलाकुसर कुणाची हो?"

"शितलनंच केलंय समदं," भागुबाई म्हणाल्या.

मी मालनबाईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या. रुखवत नवरीनेच केलं असं सांगायची रीत आहे, सगळेच सांगतात. त्या दीक्षाच्या कानात म्हणाल्या, "बघ, ती आत्या अजून हललेली न्हाई टेबलापासनं." त्यांना तेवढं पुरेसं होतं.

तेवढ्यात हौसराव आप्पा आले. डोक्यावर फेटा, पोरीच्या लग्नाचा आनंद, सगळ्यांना हाताला धरून जेवायला बसवत होते. मालनबाईंना पाहून ते मोठ्याने म्हणाले, "मालनबाई, तुमच्या हाताला तोड न्हाई! माणसांचं सोडा, आमच्या म्हशीला इचारा. तुमची वाटी आली की त्या दिवशी दोन लिटर जादा देती!"

सगळे हसले. मालनबाईही हसल्या. "आप्पा, त्यो चोथा असतुय. बादलीतला."

"छ्या! चोथ्याला कोण इचारतंय? वाटीतला म्हणतुय मी, गूळ-तुपाचा. चाटून वाटी लख्ख करती. लई वर्सं झाली, सोकावलीय ती. ह्या म्हशीची आईबी तसलीच व्हती!"

आप्पांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते कौतुकच करत होते. मालनबाईंना हे ठाऊक नसेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शेजारी उभ्या भागुबाईंनी मात्र पदर सावरला आणि "पंगतीचं बघते" म्हणून निघून गेल्या.

मालनबाई जेवल्या नाहीत. परतताना जीपमध्ये पोपटराव दोन-तीनदा म्हणाले, "आप्पाला कुठं बोलावं कळत न्हाई." मालनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. न्हावरा मागे पडल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "दीक्षा, संकष्टी कवा कवा असती गं?"

"दर महिन्याला एकदा. का?"

"कुरडयांचा दिवस तीच धरायची. 'संकष्टीला करू, ध्यानात ऱ्हातं,' म्हनायची. आपल्यात कुठं उपास? मला काय कळतंय, मुद्दाम उपासाचाच दिवस धरती म्हनून."

पुढे दौंड येईपर्यंत मी मनातल्या मनात मागची वर्षं तपासत होतो. भागुबाई आमच्या कुंपणापलीकडे दिवसदिवस राबायच्या, पण पाण्याची बाटली स्वतःची आणायच्या. चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणायच्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. एकेक गोष्ट साधी होती.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी भागुबाई वाटी परत द्यायला आल्या. वाटीत सोनचाफ्याचं रोप होतं. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. कुंपण कमरेएवढं, बोलणं ऐकू येत होतं.

मालनबाईंनी हात पुढे केला नाही. "खरं हाय का, भागू?"

भागुबाई बराच वेळ रोपाची माती दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंचा काच व्हता गं. तुला ठावं हाय त्यांचा सभाव."

"सासूबाईंना जाऊन किती सालं झाली?"

भागुबाईंनी वाटी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या गेल्या तवा तुझ्या दारात मीच बसलेली, तुझं डोकं मांडीव घिऊन. तवा चाललं."

"मालन, मी तुला कवा येगळं मानलं न्हाई."

"मानलं न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "खाल्लंबी न्हाई."

भागुबाईंनी वाटी ओट्यावर ठेवली आणि गेल्या. सोनचाफा त्या वाटीतच चार दिवस उन्हात राहिला. त्या चार दिवसांत अंगणाला पाणीही पडलं नाही. उन्हाळा ऐन भरात, मोगऱ्याच्या कळ्या झाडावरच तपकिरी झाल्या. शेवटी दीक्षाच पाइप घेऊन उभी राहिली. मालनबाई आतून म्हणाल्या, "घाल. झाडाचं काय चुकलं?" पण सोनचाफा त्यांनी लावला नाही. दीक्षाने तो विहाराच्या मागे नेऊन लावला.

ते वर्ष दोघींचं बोलण्याशिवाय गेलं. भागुबाई रस्त्याने जाताना मान खाली घालायच्या. मालनबाई घालायच्या नाहीत. पोपटराव रिटायर झाले, त्या कार्यक्रमाला आप्पा हार घेऊन आले, एकटेच.

यंदा होळी झाली आणि मालनबाईंनी गहू भिजवले. त्याआधी त्या आमच्याकडे येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ उभ्या राहिल्या. "भाऊ, ह्या रविवारी उपास-तापास काय न्हाई ना? कुठलाच?"

मी नीट पाहून सांगितलं, "कुठलाच नाही."

मग त्यांनी दीक्षाला मळ्यात पाठवलं, "मावशीला सांग, रविवारी चीक हाय. घाटायला ये."

दीक्षा चिडली. "आई, काय गरज हाय?"

"मला हाय गरज. जा तू."

महेंद्र आदल्या रात्रीच आला होता. रविवारी सकाळी भागुबाई आल्या. केस विंचरलेले, नवं लुगडं. दोघी चुलीजवळ समोरासमोर बसल्या. मालनबाईंनी ओतलं, भागुबाईंनी घाटलं. पोपटराव काठी घेऊन खाटांजवळ बसले होते, पण एकही विनोद करत नव्हते. दांड्याचा आणि आधणाचा तेवढा आवाज. गुठळी एकही झाली नाही.

चीक शिजला. मालनबाईंनी पितळी वाटी भरली, गूळ ठेवला, तूप सोडलं. अंगणात मोगऱ्याशेजारी पाट मांडला आणि वाटी भागुबाईंच्या हातात दिली.

"बस. हितंच खा. आज उपास न्हाई, मी बघितलंय."

भागुबाई पाटावर बसल्या. वाटी दोन्ही हातांत धरली. मालनबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. परीक्षेचा निकाल लागायचा असला की माणूस जसं उभं राहतं, तशा त्या उभ्या होत्या. भागुबाईंनी बोटाने थोडा चीक उचलला, बोट ओठांपर्यंत नेलं. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कुंपणाशी उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहिलं. कुणीकडूनही कोणी येत नव्हतं. बोट त्यांनी पुन्हा वाटीच्या काठाला पुसलं.

चिकावर साय धरली. तूप कडेला ओघळलं.

"घरी नेऊ का गं?" भागुबाई अगदी हळू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "घरी गेल्याव खाते. शप्पत."

मालनबाईंनी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली.

"घरी न्यायला चोथ्याची बादली भरून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "ती ने. जनावर वाट बघत आसंल."

भागुबाई उठल्या. काय करावं ते न सुचून त्यांनी खरंच बादली उचलली आणि कालव्याच्या बाजूला गेल्या. थोड्या वेळाने मळ्यातून म्हशीचं रेकणं ऐकू आलं. दीक्षाने आईकडे पाहिलं.

मालनबाई त्याच पाटावर बसल्या, जिथून भागुबाई उठल्या होत्या. तो गार, घट्ट झालेला चीक त्यांनी बोटाबोटाने सगळा खाल्ला, वाटी पुसून खाल्ली. मग वाटी विसळून पालथी घातली आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "महेंद्र, साचा आण. पातेल्यातला गार व्हायच्या आत आवरू."

दांड्यापाशी, भागुबाईंच्या जागेवर, दीक्षा जाऊन बसली.