दोघांपुरती बोली

माणूस लिहायला कालपरवा शिकला, बोलतोय मात्र कधीचा, हे आमच्या ह्यांचं लाडकं वाक्य. नागपूरहून भोपाळला आले ते सरकारी इंजिनिअर म्हणून, पूल बांधायला. पण डोकं सदा गुहेत. पाहुणे आले की त्यांना भीमबेटक्याला न्यायचे आणि खडकावरची चित्रं दाखवून विचारायचे, ही काढणारी माणसं आपसात काय बोलत असतील, सांगा बघू. पाहुणे बिचारे घाम पुसत उभे. एकदा मीच वैतागून म्हटलं, काय बोलणार, नवरा-बायको भांडत असतील. झालं! जगातलं पहिलं बोलणं म्हणजे भांडण, हा माझा शोध ते सगळ्या नेहरू नगरात सांगत सुटले.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला नेताना काहीतरी मनातलं बोलतील म्हणून मी स्ट्रेचरला धरून चालत होते. म्हणाले, "अगं, गॅस बंद केला ना तू?" मी हो म्हटलं, आणि दार लागलं. तो आवाज पुन्हा ऐकला नाही. इतका राग आला होता मला त्या गॅसचा, काय सांगू.

घरी आल्यावर मुलीने पाटी आणून दिली. ह्यांनी ती बाजूला सारली. लिहिणं नंतरचं, असं खुणेनं मला समजावलं. चक्रम माणूस! आधी टाळी वाजवून बोलवायचे. मी काय वेटर आहे का, म्हणून मी फणकारले, तेव्हा स्टीलच्या पेल्यावर नखाने वाजवायला लागले. दोनदा टकटक म्हणजे अगं. मीही पेल्यावरच उत्तर द्यायला लागले, कारण मी एकटीनेच बोलत राहावं हे मला सोसवेना. माझी तीनदा टकटक म्हणजे अहो. पेल्याच्या काठावर बोट फिरवलं की चहा, तळहात पालथा केला की पुरे झालं तुझं. दिवाळीपर्यंत आम्ही त्या बोलीत कडकडून भांडायला लागलो होतो. एकदा मी जिंकले, तर ते आवाजाशिवाय इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

उन्हाळ्यात गाठ परत आली आणि ते गेले. आमची बोली कुठे लिहिलेली नाही, आणि एकटीला ती बोलता येत नाही. भीमबेटक्याच्या त्या माणसांचंही असंच झालं असणार. त्यांच्यातला शेवटचा जो उरला, तो कुणाशी बोलला असेल, ह्या विचाराने माझा जीव तुटतो.

परवा मुलगी कोलार रोडहून आली होती. जेवताना माझं नख आपोआप पेल्यावर गेलं. तीनदा वाजलं.

"आई, पाणी हवंय?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने पेला भरून दिला, आणि मी ते पाणी प्यायले.