त्यांचा करार, आमच्या किडन्या

‘लूपस नेफ्रायटिस,’ डॉ. बेदी म्हणाल्या. म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि किडन्यांवर हल्ला चढवते. मी बेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. नवरा हवाई दलात, चंडीगढला बदली होऊन जेमतेम सात महिने झालेले. पायांवरची सूज दिवसभर उभं राहिल्याने येते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

बायोप्सी झाली. पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढतात. दुखतं, पण निभतं. मग स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आरशातलं तोंड ओळखू येईना.

पंधरा दिवसांनी ‘जॉइंट स्टडी’चा विषय निघाला. हे हॉस्पिटल चालवणारी संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ करार करून, मिळून नवं औषध तपासणार होते. ‘यू आर लकी, मिसेस खोत,’ डॉक्टर म्हणाल्या. दोन्ही देशांचे झेंडे टेबलावर ठेवून तिकडून आलेल्या पाहुण्या प्रोफेसरांनी आम्हा पेशंटांसोबत फोटोही काढला. इंग्रजी फॉर्मची जाडजूड चळत मी वरवर चाळली आणि सही केली. शिकलेली बाई मी, आणि एवढंच केलं!

ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी जवळच्याच खरड गावच्या गुरमीतजी बसायच्या. त्यांनी अंगठा दिला होता. ‘डॉक्टरनी ने कहा, नवीं दवाई है, अंगूठा लगा दो,’ त्या मला म्हणाल्या. हा प्रयोग आहे, हे त्यांना माझ्याकडून कळलं.

दर मंगळवारी आमचं रक्त काढायचे. काही नळ्या इथल्या लॅबला, बाकीच्या बर्फात घालून परदेशात. माझी सूज उतरली. गुरमीतजी तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या.

पाचव्या महिन्यात स्टडीचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंनी आमच्या उरलेल्या गोळ्या परत मागितल्या. ‘स्टडी बंद हो गई जी. करार आगे नहीं बढ़ा.’

‘मला खरं औषध मिळत होतं की खोटं?’ मी हिंदीत विचारलं.

‘ब्लाइंडेड है, मॅडम.’ म्हणजे कोणाला काय दिलं ते कोणालाच माहीत नाही. यादी परदेशात.

‘माझं रक्त तिकडे जाऊ शकतं आणि माझा कागद इकडे येऊ शकत नाही?’

त्या परत आलेल्या गोळ्या मोजू लागल्या. पाहुणे प्रोफेसर पुन्हा दिसले नाहीत. मी संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज केला. ही कमिटी रुग्णांच्या हिताकडे लक्ष द्यायला असते, असं म्हणतात. तीन अर्ज गेले, दोनदा मला दारातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गुरमीतजींना घेऊन गेले, तेव्हा त्यांचे पाय पुन्हा सुजले होते.

उत्तर आलं तेव्हा त्या डायलिसिसवर होत्या, म्हणजे रक्त गाळायला मशीनवर. मला खोट्या गोळ्या होत्या. मी साध्या स्टेरॉइडवर सुधारले होते. खरं औषध गुरमीतजींना होतं.

‘बंद झाल्यामुळेच बिघडलं, असं सिद्ध करता येणार नाही,’ डॉ. बेदी म्हणाल्या.

‘सिद्ध करायला स्टडी चालू ठेवावी लागली असती,’ मी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्याबद्दलचा माझा राग तेवढ्यापुरता थोडा कमी झाला. बाकीच्यांबद्दलचा तसाच आहे.

आजारातून उठलेल्यांनी आभार मानायचे असतात. मी बायोप्सी करणाऱ्या हातांचे मानते, स्टेरॉइडचे मानते. हस्तांदोलन करून गेलेल्यांचे मानणार नाही. देशांनी मिळून औषधं जरूर शोधावीत. पण अर्ध्यावर सोडून जाणार असाल, तर मागे उरलेल्या माणसाला औषध कोण देणार, ते आधी लिहून द्या.

आता दर मंगळवारी मी ओपीडीच्या बाकावर बसते. कोणाच्या हातात नवा फॉर्म दिसला की पहिल्या ओळीपासून हिंदीत वाचून दाखवते. परवा एक कोऑर्डिनेटर आला, नवीनच.

‘मॅडम, आप पेशंट को डरा रही हैं.’

‘हाँ,’ मी म्हणाले, आणि पान उलटलं.