लोहपंखाची बायको

शांताआत्या बोलायची ती ओरडूनच. जिंतूरला आमची पिठाची गिरणी होती आणि आत्याचा सारा दिवस गिरणीत जायचा. पट्ट्याच्या फटफटाटात समोरच्याला ऐकू जावं म्हणून लागलेली सवय घरी आल्यावरही सुटायची नाही. जेवताना तिनं मीठ मागितलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचं. अशा बाईचं नाव शांता. पण गावात ती माहीत होती ती वेगळ्याच कारणानं. चाळिशीला टेकलेली ही बाई पोरासोरांचे चित्रकथांचे अंक वाचायची आणि त्यातल्या गोष्टींवरून पोरांशी हमरीतुमरीवर यायची.

लोहपंख हा त्या अंकांचा नायक. एरवी घड्याळं दुरुस्त करणारा अविनाश, आणि संकट आलं की पाठीला लोखंडी पंख बांधून उडणारा लोहपंख. अंक परभणीहून एसटीनं यायचे आणि स्टँडवरच्या टपरीत दोरीला लटकायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत बंद झाला, गाड्या थांबल्या की लोक स्टँडवर चौकशीला यायचे ते कुणाच्या दवाखान्यासाठी, कुणाच्या कोर्टाच्या तारखेसाठी. आत्या मला पाठवायची अंकासाठी. "जा गं बबे, परभणी गाडी कवा सुटती इचारून ये." मी विचारायची, पण कुणी का म्हटलं तर दवाखान्याचंच कारण सांगायची. खरं कारण तोंडातून निघायचंच नाही.

गिऱ्हाईक नसलं की ती पोत्यावर बसून वाचायची. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ असायचं. अंकावरही पीठ बसायचं. पान उलटलं की ती आधी फुंकर मारायची आणि मग वाचायची. शाळा तिची चौथीतच सुटलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, पण एकदा वाचलेलं विसरायची नाही. सायकलवाल्याचा रशीद आणि शिंप्याचा मधू दळणाचा डबा घेऊन यायचे. डबा रांगेत लागला की वादाला तोंड फुटायचं.

लोहपंखाला पंख कुणी दिले? पहिल्या अंकात गुरूनं मरताना ते दिले होते आणि पुढं कुठंतरी अविनाशनं ते स्वतः बनवल्याचं आलं होतं. मधू म्हणायचा, लिहिणारा विसरला. रशीद डोकं खाजवून म्हणायचा, "गुरूचे पंख टूट गये होंगे आत्या, मंग यानं दुसरे बनविले."

"ह्ये बराबर!" आत्या ओरडायची. "ह्याला जोड लागती. आधीचं बी ऱ्हायलं, नंतरचं बी ऱ्हायलं."

तिची अट तेवढीच होती. पुढं काय वाटेल ते घडवा, पण जे एकदा घडलं ते पुसायचं नाही. आणि वाद घालायचा तर हातात अंक घेऊन. "अंक आन," हे तिचं शेवटचं वाक्य. अंकात ती चुकलेली निघाली तर मुकाट्यानं पोरांच्या ओंजळीत फुटाणे ओतायची. एकदा अशाच भरात तिनं एका मास्तरीणबाईंच्या गव्हावर हरभऱ्याची डाळ ओतली. बाई संतापल्या. आत्या म्हणाली, "थालपीठं लावा बाई, लय गोड लागतील," आणि परत मधूकडं वळली. संध्याकाळी बाबांनी त्यांच्या घरी गव्हाचं पीठ पोचवलं. बाबा तिचे थोरले भाऊ, स्वभावानं मऊ. ते तिला कधी बोलले नाहीत. आई बोलायची. "बाईमानसानं पोरांची चित्रं वाचायची! मला रस्त्यानं जायची लाज वाटायली." मलाही वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी दळण घेऊन आल्या की मी पोत्यांमागं काहीतरी शोधत बसायची.

सगळ्यात मोठा वाद पेटला तो लोहपंखाच्या बायकोवरून. सुरुवातीच्या अंकांत त्याला बायको होती, शालिनी. ती त्याच्या पंखांचे चामडी पट्टे शिवायची, तो जखमी होऊन आला की हळद लावायची. पुढं ती चित्रांतून दिसेनाशी झाली. मग एका अंकात एका राजकन्येनं त्याला विचारलं, तुझं लग्न झालंय का? लोहपंख आकाशाकडं बघून म्हणाला, माझं लग्न फक्त कर्तव्याशी झालं आहे. मधूला ते फार आवडलं. लोहपंख ब्रह्मचारीच शोभतो असं त्याचं म्हणणं होतं.

"कर्तव्याशी?" आत्या पोत्यावरून उठली. "मंग पट्टे कुनी शिवले, कर्तव्यानं?"

"आत्या, ते जुनं झालं. आता नवा लिहिणारा आलाय. त्याच्या हिशेबानं लग्न झालंच नाही."

"झालंच न्हाई कसं? मेली म्हना, माहेरी गेली म्हना, पळाली म्हना! पर होती ते तरी म्हना!"

वाद कित्येक दिवस चालला. रशीद दोघांच्या मधे पडून शालिनीला नदीच्या पुरात वाहून न्यायचा, कधी तिची स्मृती घालवायचा. आत्या म्हणायची, "चालंल, पर अंकात छापून येऊ दे." अशाच एका दुपारी, गिरणी भरात चालू असताना, ती सगळा जीव एकवटून ओरडली, "त्याची बायको कुठं गेली ते सांगा आधी!" आणि 'त्याची बायको' म्हणेपर्यंत लाईट गेली. पट्टा थांबला. उरलेलं वाक्य सबंध रस्त्यानं ऐकलं. समोरच्या चहाच्या हॉटेलातून कुणीतरी तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "आत्याबाई, तुमचा नवरा कुठं गेला ते सांगा की आधी!"

हॉटेल हसलं. रांगेतल्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. आत्या खाली बसली आणि सांडलेलं पीठ हातानं गोळा करू लागली. माझे कान तापले होते. मला हॉटेलातल्या माणसाचा राग यायला हवा होता. पण मला फक्त वाटत होतं, हिनं एवढ्या मोठ्यानं बोलायलाच नको होतं.

तिचा नवरा कुठं गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुठंच गेला नव्हता. पाथरीजवळच्या आपल्या गावात नांदत होता. मूल झालं नाही म्हणून त्यानं दुसरी केली आणि आत्याला माघारी धाडलं, मी तेव्हा पाळण्यात होते. त्या गावात तिचं नावही कुणी काढत नाही, असं आई कधीतरी शेजारणीला हळूच सांगायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या थोरल्या ताईला पाहायला पाथरीचे लोक आले. घर चांगलं, मुलगा शाळेत नोकरीला. आत्यानं सकाळीच न्हाऊन केसांतलं पीठ काढलं, ठेवणीतलं इरकल लुगडं नेसली. आई तिला म्हणाली, तुम्ही आत चुलीजवळच थांबा. पण ताईच्या दोन्ही हातांत पोह्यांचं ताट होतं, म्हणून तिच्यामागून पाण्याचे तांबे घेऊन आत्या बाहेर आली. मुलाच्या मामांनी सहज विचारलं, "ह्या कोन?"

बाबांनी मामांकडं पाहिलं, मग सतरंजीकडं.

"ह्या होय? ह्या आमच्या गिरणीवर असतात. कामाला."

ज्या बहिणीला बाबा जन्मभर 'शांते' म्हणत आले, तिला त्यांनी 'ह्या' म्हटलं. एखाद्या परक्या बाईला म्हणावं तसं, अगदी आदरानं. ताईनं ताट खाली ठेवलं. तिनं मान खाली घातली ती पाहुणे उठेपर्यंत वर केली नाही.

मला वाटलं, आता आत्या ओरडणार. लोहपंखाची बायको कुणी पुसली तर जी बाई रस्ता जागा करायची, ती हे ऐकून घेईल? आत्यानं तांबे खाली ठेवले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत आली. चुलीसमोर बसून अगदी हळू म्हणाली, "बबे, चहात साखर घाल." तिचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पाहुणे गेल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले. आत येईनात. "शांते, पाथरीची मानसं हायत गं. तुझं सासर तिकडंच. उगं चार प्रश्न निघतील म्हनून..."

"कळलं दादा," ती म्हणाली. "पोरीचं होऊ दे."

सोयरीक जमली. पुढच्या आठवड्यात मधू आणि रशीद नवा अंक नाचवत गिरणीवर आले. त्यात लोहपंखाच्या लहानपणापासूनची सगळी हकिकत नव्यानं दिली होती, आणि शालिनीचा त्यात उल्लेखही नव्हता. मधूनं पान उघडून तिच्यापुढं धरलं. "बघा आत्या, छापून आलं! लग्न झालेलंच नव्हतं!"

आत्यानं पानाकडं पाहिलं. "नसंल," ती म्हणाली. "नसंल झालेलं," आणि दळण टाकायला उठली.

मधू जिंकला होता, पण त्याचा चेहरा पडला. रशीद तिच्या मागं मागं फिरत राहिला. "आत्या, भांडो ना. आत्या, असं न्हाई म्हनायचं. मेरे पास शालिनीवाला तिसरा अंक हाय, घेऊन येऊ का?" तिनं त्याच्या ओंजळीत फुटाणे ओतले आणि डबा उचलून दिला.

लग्नात ती गिरणीवरची बाईच राहिली. वऱ्हाडाला पाणी तिनं वाढलं, उष्ट्या पत्रावळी तिनं उचलल्या. पाथरीच्या बायका तिला "ओ मावशी, हिकडं या" म्हणून हाका मारायच्या आणि ती जायची. आई एकदा तिच्या हातातली बादली घ्यायला गेली तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वयनी, लोक बघायलेत." निघताना ताई एकेका मोठ्या माणसाच्या पाया पडत चालली. आत्याची पाळी येण्याआधी आत्या मांडवात दिसेना. मी तिला पाण्याच्या टाकीमागं पाहिलं. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ती उभी होती. ताई सगळीकडं बघत होती. मी काही बोलले नाही. बोलावं की नाही तेच मला कळत नव्हतं. ताई तशीच जीपमध्ये बसली.

मांडव उतरल्यावर आत्यानं पत्र्याची पेटी भरली. देवगाव फाट्याला एका गिरणीवर माणूस हवं होतं, ते तिनं कुणाकडून तरी आधीच ठरवून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "शांते, हे घर तुझं हाय."

"घर हाय, दादा. पर गिरनीवर कामालाच ऱ्हायचं तर मंग पगार तरी घेते की." ती हसून म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता. तो बसला मात्र असा, की बाबा तिला एसटीत बसवायलाही जाऊ शकले नाहीत. पेटी रशीदनं सायकलवरून नेली.

ताई पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिनं सांगितलं की सासरी तिनं सगळं बोलून टाकलंय. आई घाबरली. "मंग? काय म्हनल्या सासूबाई?"

"म्हनल्या, मुलीची सख्खी आत्या, आन आमी तिला साधं लुगडं बी नेसवलं न्हाई. वर पत्रावळी बी उचलून घेतल्या त्या मावलीकडून."

एवढंच. दुसरं काही झालं नव्हतं. बाबा ताटावर बसले होते. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी त्यांनी गव्हाचा डबा भरला आणि मला म्हणाले, चल. कुठं ते सांगितलं नाही. स्वतःची गिरणी असलेला माणूस दळणाचा डबा खांद्यावर घेऊन एसटीत चढला, तेव्हा कंडक्टर हसला. बाबा सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होते.

फाट्यावरची गिरणी रस्त्यालगतच होती. आत्या आत उभी होती, भुवयांपर्यंत पांढरी. तिनं आम्हाला पाहिलं. मी पळत जाऊन तिला बिलगले. बाबा दाराबाहेर डबा धरून उभे राहिले. गिरणीचे मालक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी बाबांकडं बघून आत्याला ओरडून विचारलं, "कोन पावने हायत ओ, बाई?"

बाबांनी मान खाली घातली.

"भाऊ हाय माजा!" आत्या ओरडली. पट्ट्याच्या आवाजावरून, रस्त्यापलीकडच्या टपऱ्यांपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "सख्खा! जिंतूरचा!"

"मंग त्यांचं आधी टाका की."

"न्हाई. नंबरानं."

बाबांनी बायकांच्या रांगेत शेवटी डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी, जमिनीवरच, ते बसले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी एकदा तोंड पुसलं. पुढची बाई म्हणाली, "दादा, उन्हात बसलाव, आत सरका." ते सरकले नाहीत. नंबर येईपर्यंत तिथंच बसून राहिले.